गोष्ट सांगणाऱ्याने कुठे उभं राहायचं?

आधीच सांगून ठेवते, माझं शिक्षण पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी हा विषय होता, पण 'सेकंड लँग्वेज' म्हणून. त्यामुळे घरी बोलते तसंच लिहिते आहे. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं!

विषय आहे 'लीडरशिप आणि स्टोरीटेलिंग'. म्हणजे सोप्या भाषेत, पुढाकार घेणाऱ्या माणसाने आपली कल्पना गोष्टीतून दुसऱ्यांपर्यंत कशी पोहोचवावी. नाव मॅनेजमेंटच्या पुस्तकासारखं वाटतं, पण हा प्रश्न आपल्या सगळ्यांना पडतो. मेस सेक्रेटरीला पडतो, गॅदरिंगच्या कमिटीला पडतो, प्रोजेक्ट ग्रुपच्या लीडरला तर रोज पडतो. आपण घसा फोडून सांगतो आणि समोरचे मोबाइल बघत बसतात. असं का होतं?

मला हा धडा जरा महागात मिळाला. तो कसा, तेही सांगणार आहे.

सेमिनार हॉलमधल्या टाळ्या

मी यंदा आपल्या कॉलेजच्या ऑल टेरेन गाडीच्या टीमची कॅप्टन आहे. ऑगस्टमध्ये आम्ही फर्स्ट आणि सेकंड इयरच्या मुलांसाठी ओरिएंटेशन ठेवलं होतं. मी पंचवीस स्लाइड्स केल्या. टीमची रचना, बजेट, रोल केजच्या पाइपचा ग्रेड, वजनाचा तक्ता... दहाव्या स्लाइडपर्यंत मागच्या दोन रांगा झोपल्या होत्या.

मग मी लॅपटॉप बंद केला आणि डॉ. अब्दुल कलामांची एक गोष्ट सांगितली. हॉल एकदम शांत झाला. गोष्ट संपली तेव्हा टाळ्या पडल्या, आणि त्या दिवशी बेचाळीस जणांनी नावं दिली. मी खूश! 'स्टोरीटेलिंग वर्क्स' असं मनात म्हणत लॅपटॉप बॅगेत भरत होते.

हॉलच्या दाराशी वर्कशॉपमधले काका उभे होते. ते म्हणाले, "गोष्ट छान सांगितलीस गं. आपल्या गाडीची गोष्ट कधी सांगणार?"

माझ्या पोटात गोळा आला. का, ते पुढे कळेल. आधी ती कलामांची गोष्ट बघू, कारण सगळा धडा तिच्यातच आहे.

दोन पत्रकार परिषदा

आपल्यापैकी बऱ्याच जणांनी 'अग्निपंख' वाचलं असेल. १० ऑगस्ट १९७९ ला श्रीहरिकोट्याहून एसएलव्ही-३ या रॉकेटचं पहिलं प्रायोगिक उड्डाण झालं. कलाम प्रोजेक्ट डायरेक्टर होते. काउंटडाउन चालू असताना कॉम्प्युटरने उड्डाण थांबवलं. दुसऱ्या टप्प्याच्या कंट्रोल सिस्टिममध्ये गळती दिसत होती. तज्ज्ञांचं मत पडलं की साठा पुरेसा आहे, काळजीचं कारण नाही. कलामांनी कॉम्प्युटरचा इशारा बाजूला ठेवला आणि रॉकेट सोडलं. पहिला टप्पा व्यवस्थित झाला. दुसऱ्यात रॉकेटवरचं नियंत्रण गेलं आणि उपग्रह कक्षेत जाण्याऐवजी सगळं बंगालच्या उपसागरात पडलं.

वर्षानुवर्षांचं काम काही मिनिटांत पाण्यात. बाहेर पत्रकार थांबलेले. इस्रोचे अध्यक्ष होते प्रा. सतीश धवन. ते कलामांना घेऊन पत्रकारांसमोर गेले आणि बोलले मात्र स्वतः. अपयशाची जबाबदारी त्यांनी स्वतःकडे घेतली, टीमवर आपला विश्वास आहे आणि पुढच्या वर्षी आपण यशस्वी होऊ, असं सांगितलं.

१८ जुलै १९८० ला तेच रॉकेट पुन्हा उडालं आणि रोहिणी उपग्रह कक्षेत गेला. पुन्हा पत्रकार परिषद. या वेळी धवन सरांनी कलामांना सांगितलं, आज तुम्ही बोला.

गोष्ट एवढीच आहे. कलामांनी ती राष्ट्रपती असताना आणि नंतरही, देशात आणि परदेशात, असंख्य वेळा सांगितली. २७ जुलै २०१५ ला शिलाँगच्या आयआयएममध्ये व्याख्यान देतानाच ते कोसळले आणि गेले. म्हणजे हा माणूस शेवटपर्यंत मुलांसमोर उभा राहून बोलत होता.

आता ही गोष्ट एखाद्या मशीनसारखी उघडून बघू. एवढी चालते कशी?

पहिलं म्हणजे तिचं डिझाइन अगदी साधं आहे. दोन प्रसंग, एका वर्षाच्या अंतराने. जागा तीच, माणसं तीच. फरक एकच, माइकसमोर कोण आहे? एवढ्या एका फरकात 'अपयश लीडरचं, यश टीमचं' हा सगळा विचार बसलाय. त्यासाठी वेगळी स्लाइड लागत नाही.

दुसरं, आणि मला हे फार उशिरा लक्षात आलं, कलामांनी या गोष्टीत स्वतःला कुठे उभं केलंय ते बघा. तेव्हा ते देशाचे राष्ट्रपती होते, लोक त्यांना 'मिसाइल मॅन' म्हणत होते. मनात आणलं असतं तर स्वतःला हिरो करून शंभर गोष्टी सांगता आल्या असत्या. पण या गोष्टीत ते आहेत चूक करणाऱ्या माणसाच्या जागी. इशारा बाजूला सारणारा माणूस मी होतो, असं ते स्वतः सांगतात. गोष्टीचे हिरो आहेत धवन सर. एवढंच नाही, त्या उड्डाणानंतरच्या आढावा बैठकीतही कलामांनी उभं राहून, ती गळती किरकोळ ठरवण्याची जबाबदारी माझी, असं सांगितलं होतं. म्हणजे गोष्टीत ते जिथे उभे आहेत, प्रत्यक्षातही तिथेच उभे होते.

म्हणून आपण ती ऐकतो आणि आपला विश्वास बसतो.

आपल्याकडे हे जुनंच आहे

'स्टोरीटेलिंग' शब्द नवा आहे, गोष्ट जुनीच! माझ्या आजीबरोबर मी लहानपणी कीर्तनाला जायचे, प्रसादासाठी. तेव्हा कळत नव्हतं, पण नारदीय कीर्तनाचा चक्क एक फॉरमॅट असतो. आधी पूर्वरंग, यात एक अभंग घेऊन बुवा त्यातला विचार समजावून सांगतात. मग मध्ये थोडं नामस्मरण, जांभया देणारे जागे होतात. मग उत्तररंग, म्हणजे तोच विचार पटवणारं आख्यान, एक अख्खी गोष्ट. आणि शेवटी परत त्याच मूळ अभंगाकडे येतात. विचार, गोष्ट, पुन्हा विचार. इतका चांगला प्रेझेंटेशन फॉरमॅट मी अजून कुठल्या वर्कशॉपमध्ये बघितला नाही.

शाळेत आमच्या सिस्टर बायबलमधली भल्या शोमरोनी माणसाची गोष्ट सांगायच्या. एक कायदेपंडित येशूला विचारतो, माझा शेजारी कोण? येशू व्याख्या देत नाही, गोष्ट सांगतो. लुटारूंनी मारहाण करून अर्धमेला टाकलेला एक माणूस रस्त्यावर पडलाय. दोन मोठी धार्मिक माणसं त्याच्या बाजूने निघून जातात. थांबतो कोण, तर ज्याच्या जमातीला ऐकणारे लोक कमी समजायचे तो शोमरोनी. आणि शेवटी उत्तर न देता येशू उलट प्रश्न विचारतो, तुला काय वाटतं, या तिघांपैकी शेजारी कोण ठरला? आता उत्तर त्या पंडितालाच द्यावं लागतं! स्वतःच्या तोंडून निघालेलं उत्तर माणूस सहज विसरत नाही.

प्रश्न विचारायची हीच पद्धत गाडगेबाबांची (१८७६-१९५६). ते कीर्तनात लोकांना साध्या वऱ्हाडी बोलीत प्रश्न विचारायचे, आणि उत्तरं लोकांनाच द्यायला लावायचे. कर्ज काढून जेवणावळी कशाला? देवाला बकरं कशाला? पोराला शाळेत का नाही घातलं? पण त्यांचं कीर्तन रात्री असायचं. त्याआधी गावात आल्या आल्या बाबा हातात खराटा घेऊन रस्ते झाडायचे. म्हणजे रात्री स्वच्छतेबद्दल बोलणाऱ्या माणसाला गावाने दिवसभर झाडताना बघितलेलं असायचं. आधी खराटा, मग गोष्ट. हा क्रम लक्षात ठेवा, याच्यावर पुन्हा येणार आहे.

इंजिनिअर आणि सिनेमा

आता एक आपल्या बिरादरीतला माणूस. डॉ. व्हर्गिस कुरियन. शिक्षणाने इंजिनिअर, १९४९ मध्ये गुजरातेत आणंदला आले आणि तिथलेच झाले. खेडा जिल्ह्याच्या दूध उत्पादकांचा सहकारी संघ त्याआधी, १९४६ मध्येच, त्रिभुवनदास पटेल यांच्या पुढाकाराने सुरू झाला होता. हाच पुढे 'अमूल'. १९७० मध्ये 'ऑपरेशन फ्लड' सुरू झालं आणि आणंदचं मॉडेल देशभर न्यायचं ठरलं.

प्रॉब्लेम असा, की हे मॉडेल समजावायचं कसं? दूध मोजायचं, फॅट तपासायचं, त्याप्रमाणे पैसे द्यायचे. गावाची सोसायटी, तिच्यावर जिल्ह्याचा संघ, त्याच्यावर राज्याचा महासंघ. प्रत्येक सभासदाला एक मत, म्हैस एक असो की दहा. आणि सगळ्या जातींची माणसं एकाच रांगेत. सोसायटीचे उपनियम वाचून दाखवले असते तर कोण थांबलं असतं?

१९७६ मध्ये श्याम बेनेगल यांचा 'मंथन' आला. पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची, आणि स्मिता पाटील त्यात आहे. पैसे कुठून आले? गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले. दहा लाखांत सिनेमा! आणि मग हेच शेतकरी ट्रक भरभरून 'आपला' सिनेमा बघायला गेले. कुरियन यांनी पुढे त्याचे प्रिंट गावोगाव फिरवले. सिनेमा दाखवायचा आणि सोबत जनावरांचे डॉक्टर, दुधाचे आणि चाऱ्याचे जाणकार पाठवायचे. म्हणजे गोष्ट ऐकून कुणी 'हो' म्हणालाच, तर पुढचं काम करायला माणूस तिथेच हजर.

मी हा सिनेमा सुट्टीत बघितला. शेवट मला फार आवडला. शहरातून आलेले डॉक्टर राव, ज्यांनी सोसायटी सुरू केली, ते शेवटी बदली होऊन निघून जातात. सोसायटी पुढे चालवायला उभा राहतो गावातलाच भोला. कुरियन यांच्या माणसांनी ही गोष्ट गावात दाखवली तेव्हा ते काय सांगत होते बघा, हिरो आम्ही नाही, आम्ही उद्या जाऊ, हिरो तुम्ही. लीडरने सांगितलेल्या गोष्टीत ऐकणाऱ्याला जागा असली, तरच तो उठून काही करतो. नुसती लीडरची आरती असली तर तो टाळ्या वाजवतो आणि घरी जातो.

गोष्ट घातकही असते

दुसरी बाजू पण सांगायला पाहिजे. अमेरिकेतल्या एलिझाबेथ होम्सने १९ व्या वर्षी कॉलेज सोडून २००३ मध्ये थेरॅनोस नावाची कंपनी काढली. बोटातून काढलेल्या रक्ताच्या काही थेंबांवर ढीगभर तपासण्या करू, असा दावा होता. ती व्यासपीठावर आपल्या काकांच्या आजारपणाची गोष्ट सांगायची. आधी तपासणी झाली असती तर माणसं जवळच्यांना इतक्या लवकर मुकली नसती, असं ऐकून लोक हेलावून जायचे. मोठमोठी माणसं कंपनीच्या संचालक मंडळावर बसली. पण मशीन सांगितलं तसं चालतच नव्हतं. २०१५ मध्ये वर्तमानपत्रातून हे बाहेर आलं, जानेवारी २०२२ मध्ये गुंतवणूकदारांना फसवल्याबद्दल ती दोषी ठरली आणि त्याच वर्षी तिला अकरा वर्षांहून जास्त शिक्षा झाली.

गोष्ट चांगली सांगता येते म्हणून मशीन चालत नाही. आकडे कंटाळवाणे असतात, पण त्यांना सुट्टी देता येत नाही. गोष्टीमुळे माणूस ऐकायला बसतो. बसल्यावर त्याला खरा आकडा दाखवायचाच.

आपल्या गाडीची गोष्ट

आता काकांच्या प्रश्नाकडे येते. हे लिहिण्याआधी टीमच्या फॅकल्टी सरांना सगळं सांगितलं. सर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "लिही."

गेल्या जानेवारीतली गोष्ट. मी सेकंड इयरला होते, माझ्याकडे पुढच्या चाकांचं आणि स्टिअरिंगचं काम होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रायल होती. टाय रॉडचा नट आवळला की त्याच्यातून एक स्प्लिट पिन घालायची असते आणि तिचे दोन्ही पाय वाकवायचे असतात, म्हणजे हादऱ्यांनी नट सुटत नाही. किंमत असेल दोन-तीन रुपये. उजव्या चाकाची पिन मी घातली. डाव्या चाकाची हातात घेतली तेव्हा नऊ वीस झाले होते, आणि साडेनऊला आमच्या हॉस्टेलचं गेट बंद होतं. पिन बेंचवर ठेवली, सकाळी घालू म्हटलं आणि पळाले.

सकाळी उठायला उशीर झाला. वर्कशॉपमध्ये पोहोचले तेव्हा गाडी बाहेर काढत होते. चेकलिस्ट फर्स्ट इयरच्या एका मुलाकडे होती. त्याने विचारलं, "ताई, फ्रंट लेफ्ट झालंय?"

मी म्हणाले, "झालंय."

मला खरंच वाटलं का, की झालंय? तेव्हापासून हा प्रश्न मी स्वतःला शंभर वेळा विचारला. खरं उत्तर असं आहे, की मला आठवत नव्हतं आणि आठवायचं नव्हतं. सगळे गाडीभोवती उभे होते, फोटो चालू होते.

तिसऱ्या राउंडला डावं चाक स्वतःच वळलं आणि गाडी टायरच्या ढिगावर गेली. आमचा ड्रायव्हर दादा फायनल इयरचा होता. त्याच्या मनगटाचं हाड मोडलं. स्पर्धेला दुसरा ड्रायव्हर गेला, आणि दादाचं ते शेवटचं वर्ष होतं.

नट मैदानात सापडला, पिन सापडली नाही. पिन तुटून उडाली की घातलीच नव्हती, कुणाला सांगता येईना. मग सगळ्यांनी सोपं उत्तर शोधलं, चेकलिस्टवर टिक कुणाची? त्या मुलाची. मीटिंगमध्ये सगळे त्याला बोलत होते. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. आठ दिवसांनी त्याने टीम सोडली.

आणि सहा महिन्यांनी मी कॅप्टन होऊन सेमिनार हॉलमध्ये धवन सरांची गोष्ट सांगत होते! टाळ्या घेत होते!

ओरिएंटेशनच्या दुसऱ्या दिवशी मी काकांकडे गेले. त्यांनी ड्रॉवर उघडून एक पिन समोर ठेवली. अगदी नवी. "ट्रायलच्या दिवशी संध्याकाळी बेंच झाडताना मिळाली," ते म्हणाले, "बघ, पाय सरळ आहेत."

वापरलेल्या पिनचे पाय वाकलेले असतात. ही कधी घातलीच गेली नव्हती. काकांना सहा महिने माहीत होतं.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"मी बोललो असतो तर ती माझी गोष्ट झाली असती," काका म्हणाले.

गोष्ट सांगण्याआधीचं काम

आधी खराटा, मग गोष्ट. म्हणून आधी मी ड्रायव्हर दादाला फोन केला. तो आता नोकरीला आहे. तो चिडला, आणि ते बरोबरच होतं. मग त्या ज्युनिअरला कँटीनमध्ये भेटले. सॉरी म्हणाले. तो म्हणाला, "ताई, मला माहीत होतं. पण टिक मी न बघता केली, ती माझीच ना?" टीममध्ये परत ये म्हटलं, तर म्हणाला, आता नको, मन लागणार नाही. मी आग्रह केला नाही. त्याची परवानगी मागितली, ही गोष्ट टीमला सांगू का? तो म्हणाला, "सांगा, पण माझं नाव नको. आणि चेकलिस्टवर दोन सह्या ठेवा. एक काम करणाऱ्याची, एक डोळ्यांनी बघणाऱ्याची."

पुढच्या शनिवारी बेचाळीस मुलांसमोर मी ती पिन टेबलावर ठेवली आणि वर लिहिलंय तेवढंच सांगितलं. आवाज कापत होता. स्लाइड नव्हती. टाळ्याही पडल्या नाहीत. काही जण नंतर आलेच नाहीत, त्यांना कदाचित अशी कॅप्टन नको असेल. मान्य आहे.

पण पुढच्या सोमवारी वेल्डिंगचं काम करणारा मुलगा स्वतःहून आला, "एक जॉइंट मला बरोबर वाटत नाही, मी घाईत केलाय, कापून परत करू का?" दोन दिवसांनी ब्रेकवाल्या मुलीने सांगितलं की तिने जुनाच वॉशर परत वापरलाय. या दोन गोष्टी आधीच्या वर्षी कुणी सांगितल्या असत्या असं मला वाटत नाही. 'चुका लपवू नका' ही स्लाइड माझ्या पंचवीस स्लाइड्समध्येही होती. सोळावी.

तर मग गोष्ट कशी सांगायची?

मी काय शिकले ते मुद्द्यांत देते. सेमिनारच्या आदल्या रात्री उपयोगी पडेल!

१. एकच विचार निवडा. कीर्तनात मूळ अभंग एकच असतो. दहा मिनिटांचं बोलणं असेल तर तीन मिनिटं विचार, पाच मिनिटं गोष्ट आणि शेवटची दोन मिनिटं परत विचाराकडे, म्हणजे उद्यापासून नेमकं काय करायचं त्याच्याकडे.

२. एक माणूस, एक जागा, एक वेळ घ्या. 'सर्व नटबोल्टची दुबार तपासणी करावी' हे वाक्य कुणाला आठवत नाही. 'नऊ वीस झाले होते, पिन बेंचवर ठेवली' हे आठवतं.

३. निर्णयाचा क्षण सोडू नका. कॉम्प्युटरने थांबवलं आणि कलामांनी पुढे जायचं ठरवलं, तिथे ऐकणारा मनात म्हणतो, मी असतो तर काय केलं असतं? त्याला हा विचार करायला एक क्षण थांबा.

४. तात्पर्य सांगत बसू नका. शक्य असेल तर प्रश्न विचारा. उत्तर त्यांच्या तोंडून येऊ द्या.

५. आकडे गोष्टीच्या शेजारी ठेवा. गोष्ट आकड्यांच्या बदली चालत नाही.

६. दुसऱ्याची गोष्ट असेल तर त्याला विचारा. नाव घालायचं की नाही हे तोच ठरवणार.

७. ऐकणाऱ्याला करायला काहीतरी द्या. कुरियन यांनी सिनेमासोबत माणसं पाठवली. आमच्या टीमला दोन सह्यांची चेकलिस्ट मिळाली.

८. आणि शेवटचं, सगळ्यात कठीण. गोष्टीत तुम्ही प्रत्यक्षात जिथे होता तिथेच उभे राहा. हिरो होता तर ठीक आहे, पण नव्हता तर नव्हता. ऐकणाऱ्यांत एखादे काका असतातच, ज्यांच्या ड्रॉवरमध्ये पिन असते.

मोठ्या माणसांच्या गोष्टी सांगू नयेत असं माझं म्हणणं नाही. जरूर सांगाव्यात, मीही सांगते. पण धवन सरांची गोष्ट तोंडातून निघाली की ती आपल्याला बांधते. समोरची मुलं मग आपल्याकडे त्याच फुटपट्टीने बघतात, आणि बघावंच.

ती पिन आता वर्कशॉपच्या नोटिस बोर्डवर टाचली आहे, चेकलिस्टच्या शेजारी. कधी आलात तर बघून जा. नवीन मुलं विचारतात, ही इथे का लावली? तेव्हा जो कोणी तिथे असेल तो त्यांना गोष्ट सांगतो. मी नसले तरी.